मानेवरची दोन बोटं

आत्याच्या मानेला बोटं लावायची तर आधी आत्या झोपायला हवी, आणि आपण दुपारी झोपतो हे आत्याने आजवर कधी कबूल केलेलं नव्हतं. "जरा पाठ टेकते," एवढंच ती म्हणायची. मग दुकानामागच्या खोलीत, कापडाच्या ताग्यांना लागून असलेल्या खाटेवर आडवी व्हायची आणि पाठ नीट टेकायच्या आतच घोरायला लागायची.

घोरणं चालू असलं की डॉक्टरीण पुस्तकात डोकं घालून बसे. थांबलं की पुस्तक बाजूला ठेवून कान टवकारे.

डॉक्टरीण हे नाव आत्यानेच पाडलेलं. मेडिकलला प्रवेश मिळाला त्या संध्याकाळपासून ती घरात, दुकानात आणि सगळ्या गल्लीत डॉक्टरीण झाली. खरी डॉक्टर व्हायला अजून बऱ्याच परीक्षा बाकी होत्या, पण गल्लीला कुठला एवढा धीर? माप द्यायला आलेली माणसं हात पसरून उभी असतानाच तिला गुडघ्याचं दुखणं सांगत. शेजारचा चप्पलवाला रस्त्यातच जीभ बाहेर काढून दाखवी. ती हसून म्हणे, "मी अजून शिकतेय हो." तर तो म्हणे, "शिकलेलं तेवढंच सांग."

त्या दुपारी घोरणं मध्येच तुटलं. शिलाईच्या मशीनचा दोरा तुटतो तसं, काही न सांगता. ती अनवाणी उठली, खाटेशी गुडघ्यांवर बसली आणि आत्याच्या मानेवर, श्वासनळीच्या कडेच्या खाचेत, दोन बोटं ठेवली. काहीतरी उडत होतं. हलकं, भरभर. मग तिला वाटलं, हे तर आपल्याच बोटात उडतंय. तिने बोटं उचलली, पुन्हा ठेवली. आता काहीच लागेना. थोडं खाली सरकवली. तिथेही नाही.

आत्याने एक डोळा उघडला.

"काय गं, गळा दाबतेस की काय? माझ्याकडे वाटणीला काही नाही हं. एक कात्री आहे, ती जिवंतपणीच घेऊन टाक."

"नाडी बघत होते."

"मग? आहे का?"

"आहे."

"नशीब माझं. नाहीतर उठू की नको, तुलाच विचारावं लागलं असतं."

आत्या उठली, केस बांधत दुकानात गेली आणि काजं करायला बसली. डॉक्टरीण तिथेच बसून राहिली. तिच्या बोटांना अजून आत्याच्या मानेची ऊब होती. आत्याने डोळा उघडला म्हणून ती जिवंत आहे हे कळलं. बोटांनी काही कळलं नव्हतं.

आई गेली तेव्हा डॉक्टरीण बोलायलाही लागली नव्हती. आत्या आठ दिवसांसाठी म्हणून आली आणि तिची पिशवी काही परत भरली गेली नाही. बाबा कापायचे, आत्या शिवायची. दोन मशीनं, एक कापायचं टेबल, भिंतीला टेकवलेला उंच आरसा आणि आत्याची जीभ, एवढ्यावर ते दुकान चाललं. डॉक्टरीण टेबलाखाली चिंध्यांत वाढली, आणि पाठांतरात पहिल्यापासून पक्की. वाचलेलं एकदा डोक्यात गेलं की ताकावर लोणी यावं तसं वर यायचं. आत्या मशीनवर आणि ही टेबलाखाली, आत्या विचारायची आणि ही धडाधड सांगायची. बरोबर की चूक ते आत्याला ठाऊक नसे. "न अडखळता बोललीस, म्हणजे बरोबरच असणार," ती म्हणायची.

कॉलेजातही हेच चाललं. जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपचारांची परीक्षा होती, तेव्हा सगळे एका लांबट खोलीत रांगेने उभे होते. चटईवर रबराची बाहुली, तिला कमरेखाली काही नाही. बाहुलीच्या मानेत पूर्वी कधी एक फुगा होता म्हणे. दुसऱ्याने नळीतून दाबला की मानेत ठोका लागायचा. तो कधीचाच फाटला होता. त्यामुळे बाहुलीची नाडी मॅडमच्या तोंडात राहायची. विद्यार्थ्याने मानेवर बोटं ठेवायची, मान वर करून मॅडमकडे बघायचं, मॅडम म्हणायच्या, "नाडी नाही, श्वास नाही," की पुढचं म्हणायचं आणि पुढचं करायचं. छाती नीट दाबली गेली की आतून टक् असा आवाज यायचा. टक् आलं की गुण.

डॉक्टरिणीच्या पुढे एक उंच मुलगा होता, सगळे त्याला लंबू म्हणत. त्याने बोटं ठेवली आणि वर बघितलंच नाही. बराच वेळ तो वाकून बसला. मग म्हणाला, "मॅडम, कळत नाहीये."

"अरे बाबा, रबर आहे ते. त्याला काय कळणार आणि तुला काय कळणार? मला विचार," मॅडम म्हणाल्या.

सगळी रांग हसली. डॉक्टरीणही हसली. मग तिची पाळी आली. तिने बोटं ठेवली, वर बघितलं, मॅडमनी सांगितलं, तिने एकही शब्द न चुकता सगळं म्हटलं, आणि पैकीच्या पैकी घेऊन बाहेर पडली.

हे सगळं विसरूनही गेली असती. पण मागच्या महिन्यात आत्याला लागोपाठ दोनदा भोवळ आली. दुसऱ्या वेळी कपाळ मशीनच्या चाकावर आपटलं. बाबांनी फोन करून लेकीला बोलावून घेतलं आणि तिघं मोठ्या दवाखान्यात गेली. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी कागदावरच्या रेघा बघितल्या आणि सोप्या शब्दांत सांगितलं, की हृदयातली वीज वरून खाली जाताना मध्येच अडते. कधी अडेल ते सांगता येत नाही. गळ्याच्या हाडाखाली एक लहानसं यंत्र बसवायचं, पेसमेकर. मोठं काही नाही, पण उशीर नको.

"आणि केला उशीर, तर?" आत्याने विचारलं.

"तर एखाद्या भोवळीत ठोके थांबतील आणि लगेच सुरू होणार नाहीत. अशा वेळी छाती दाबणारं कोणी शेजारी हवं. घरी कोणाला येतं का ते?"

बाबांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिला अजून आठवतो. कापडावर ठेवावा तसा सपाट, अभिमानाने जड.

"कॉलेजात झालंय का हे शिकवून?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"हो सर."

"परीक्षा?"

"पैकीच्या पैकी."

यातलं काहीच खोटं नव्हतं. पण आत्याने टेबलावर थाप मारली. "झालं तर मग. शाळांच्या गणवेशांची ऑर्डर आहे डोक्यावर. ती हातावेगळी होऊ दे, मग बसवा काय बसवायचं ते. तोवर पोरीला सुट्टी आहे, ती घरीच आहे." डॉक्टर नको नको म्हणत राहिले. पण आत्याने मारलेली गाठ दातांनीसुद्धा सुटत नसे.

तेव्हापासून डॉक्टरिणीची झोप गेली. जेवताना ती आत्याच्या ओठांचा रंग बघायची. आत्या न्हाणीघरात गेली की दाराबाहेर उगाच केस विंचरत उभी राहायची. पाण्याचा आवाज थांबला की हाक मारायची.

"काय आहे?"

"काही नाही. साबण आहे ना?"

"साबण आहे, मीही आहे. जा."

एकदा तिने बाबांजवळ विषय काढला. ते निळ्या कापडावर खडूने आखत होते.

"बाबा, आत्याचं ते लवकर करून टाकू या."

"मी सांगून सांगून थकलो. ती म्हणते, डॉक्टरीण घरात असताना कसली घाई?"

"पण बाबा, मी..."

"तू आहेस म्हणून तर मला रात्री डोळा लागतो गं," बाबा म्हणाले, आणि खडूची रेघ न थांबवता पुढे नेली.

काय सांगणार होती ती? की सगळं येतं, फक्त माणूस मेलाय की जिवंत आहे तेवढं कळत नाही?

ऑर्डर निम्म्याहून जास्त झाली होती. सकाळची वेळ, दुकानात एकच गिऱ्हाईक, पॅंट आखूड करून घ्यायला आलेला टॅक्सीवाला. बाबा त्याच्या पायाशी वाकून टाचण्या लावत होते. डॉक्टरीण मागच्या खोलीच्या उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती. आत्या शर्टांचा गठ्ठा उचलायला उठली, "हे एवढं इस्त्रीला..." असं म्हणाली आणि वाक्य न संपवता खाली गेली. आधी गठ्ठा पडला, मग ती. शर्टांमुळे आवाजही फारसा झाला नाही.

डॉक्टरीण तिच्याजवळ कधी पोहोचली ते तिला आठवत नाही. खांदे हलवले. हाक मारली. आत्याचे डोळे अर्धवट उघडे होते आणि त्यांत कोणी नव्हतं. तिने मानेवर बोटं ठेवली.

आणि वर बघितलं.

तिच्या मानेनेच ते केलं, शिकवल्यासारखं. वर बाबांचा चेहरा होता. तोंडात दोन टाचण्या, हातात फीत. ते तिच्याकडे बघत होते. ती सांगेल म्हणून थांबले होते. टॅक्सीवालाही एका पायाची पॅंट दुमडलेली ठेवून तिच्याकडेच बघत होता. त्या खोलीत कोणी काही सांगणार नव्हतं.

तिने मान खाली घातली. बोटांखाली काहीतरी धडधडत होतं. वेड्यासारखं, तिच्या कानात धडधडत होतं तसंच. हे आत्याचं की माझं? तिने दाब कमी केला. नाही. वाढवला. आहे. नाही. आत्याच्या घशातून घोरल्यासारखा एक लांब आवाज आला.

"श्वास चालू आहे की," टॅक्सीवाला म्हणाला. "उचला, माझी गाडी दारात आहे. दवाखान्यात टाकू."

किती सोपं होतं ते. उचलायचं, गाडीत घालायचं, दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्यायचं. बाबा वाकलेसुद्धा. तेवढ्यात तो आवाज पुन्हा आला, आणि मग बराच वेळ आलाच नाही. हा श्वास नव्हे. हे तिने वाचलं होतं, पाठ केलं होतं, घडाघडा म्हणून दाखवलं होतं. जाणाऱ्या जिवाची ही उचकी असते.

"मला कळत नाहीये," ती मोठ्याने म्हणाली.

बाबांच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. हे वाक्य तिने त्यांच्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं. पण ते बाहेर पडलं आणि त्याच्यामागून पुस्तकातली एक ओळ आली, जिच्याकडे परीक्षेत कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. कळत नसेल, तर नाही असं धरा आणि दाबायला लागा.

"कोणीतरी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा," तिने म्हटलं आणि तळहातावर तळहात ठेवून आत्याच्या छातीच्या मधोमध भार दिला. कोणी हललं नाही. परीक्षेत हे वाक्य खोलीतल्या लोखंडी कपाटाकडे बघून म्हणायचं असे, आणि कपाटाने फोन केला असं सगळे धरून चालत. "काका, तुम्ही," ती टॅक्सीवाल्याला म्हणाली. "फोन लावा. गाडीत नाही घालायचं, गाडीत दाबता येत नाही."

आत्याची छाती रबराची नव्हती. आधी मऊ, मग आतून अडणारी. चारदोन वेळा दाबल्यावर तळहाताखाली कट् असं काहीतरी झालं, आणि क्षणभर डॉक्टरिणीला बरं वाटलं. बरोबर दाबलं गेलं. मग तिला कळलं की ती बरगडी होती.

ती थांबली नाही.

"अगं, हळू," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा येत होता. "तिला लागेल."

"लागू दे, बाबा."

दुकानाच्या दारात माणसं गोळा झाली. कोणी पाणी आणलं, कोणी कांदा हुंगवा म्हणालं. चप्पलवाला म्हणाला, "सरका रे, डॉक्टरीण आहे ती, तिला ठाऊक आहे." हे ऐकून तिला हंबरडा फोडावासा वाटला. तिचे दंड भरून आले, घाम डोळ्यांत उतरला, आणि दाब उथळ पडू लागलाय हे तिच्या लक्षात आलं.

"बाबा, तुम्ही या."

"मी?"

"इथे हात ठेवा. असे."

बाबांनी हात पुढे केले. ते आत्याच्या छातीवर अधांतरीच राहिले. "ताई आहे गं ती माझी," ते म्हणाले. डॉक्टरिणीने त्यांचे हात धरून खाली टेकवले आणि वरून आपले हात दिले. मग बाप आणि लेक मिळून दाबत राहिले. बाबा रडत होते आणि दाबत होते, त्यांच्या नाकावरून पाणी आत्याच्या पदरावर पडत होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. आत्याचा एक हात शर्टांमधून वर आला आणि त्याने बाबांचं मनगट झिडकारलं. कण्हण्याचा आवाज आला. मग, अगदी बारीक, पण ओळखीचा.

"ऊठ मेल्या... छातीवरून."

बाबा मागच्या मागे बसले. दारातली माणसं हसली आणि बोलू लागली. डॉक्टरीण हसली नाही. तिने पुन्हा मानेवर बोटं ठेवली. आता तरी लागायला हवं होतं. आत्ताही तिला काही कळलं नाही.

दवाखान्यात आत्याला तारा जोडल्या. खाटेशेजारच्या पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत चालली होती. त्याच हृदयाच्या डॉक्टरांनी डॉक्टरिणीला बाजूला बोलावलं.

"नाडी नव्हती ना?"

"कळलं नाही, सर."

"मग सुरू का केलंत?"

"कळलं नाही म्हणून."

"ठोके थांबले असतील किंवा अगदीच मंद झाले असतील. आता ते कोणालाच सांगता येणार नाही. केलंत ते योग्य केलंत. पण हे पुन्हा होणार. उद्या सकाळी यंत्र बसवू या, तुमच्या आत्यांची तयारी करा."

आत्याची तयारी नव्हतीच. बरगड्यांमुळे तिला खोल श्वास घेता येत नव्हता, त्यामुळे ती तुकड्या-तुकड्यांत बोलत होती, पण बोलत होती.

"ऑर्डर अर्धी टाकून... इथे लोळू? आणि आता तर पाहिलंत ना सगळ्यांनी. पोरीने ओढून आणलं मला. यंत्र काय करणार होतं... ते हिने केलं."

बाबांना ते पटलेलं दिसत होतं. ते समोरच्या खाटेवरच्या माणसाला तिसऱ्यांदा सगळी हकिगत सांगत होते, आणि प्रत्येक वेळी त्यांची लेक अधिक शांत आणि अधिक हुशार होत चालली होती. "ऑर्डर उरकली की आपण होऊनच येऊ," ते आत्याला म्हणाले. "पंधरवड्याचा तर प्रश्न."

एक शिकाऊ डॉक्टर फेरीला आला. डॉक्टरिणीपेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी मोठा. त्याने आत्याच्या मनगटावर बोटं ठेवली आणि मान वर करून पडद्यावरचा आकडा वाचला. "छान आहे, मावशी," म्हणून तो पुढच्या खाटेकडे गेला.

डॉक्टरीण बघत राहिली. तोही वरच बघत होता. तिने बाबांना चहा आणायला खाली पाठवलं. ते गेल्यावर स्टूल खाटेला लावलं आणि आत्याच्या कानाशी वाकली. दुकानात सकाळी वाटलं नव्हतं एवढं भय तिला आता वाटत होतं.

"आत्या, मला नाडी कळत नाही."

"असू दे. दमली आहेस."

"आजचं नाही. कधीच कळली नाही. त्या दुपारी तू विचारलंस तेव्हाही नाही. आम्हाला रबराच्या बाहुलीवर शिकवलं आणि तिला नाडीच नव्हती. मॅडम सांगायच्या. मी आज वर बघत बसले, कोणी सांगेल म्हणून. तू खाली पडलेली आणि मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते."

आत्याच्या चेहऱ्यावर चेष्टेची तयारी झाली होती. ती तिथेच थांबली.

"पण वाचवलंस ना?"

"माहीत नाही. कदाचित तुझं हृदय आपलं आपणच चालू झालं असेल आणि मी नुसत्या बरगड्या मोडल्या असतील. पुढच्या वेळी मी बाजारात असेन. नाहीतर शेजारी असेन आणि आहे-नाही करत बसेन. तू माझ्या भरवशावर पंधरा दिवस काढू नकोस. एकसुद्धा काढू नकोस."

आत्याचा हात पांघरुणावरून हळूहळू स्वतःच्या मानेपाशी गेला, तिथे चाचपडला आणि काही न सापडल्यासारखा परत आला. डॉक्टरिणीने आजवर आत्याला चिडलेली, थकलेली, आईच्या श्राद्धाच्या दिवशी दगड झालेली पाहिली होती. घाबरलेली कधी पाहिली नव्हती. तोंड लहान झालं होतं, ओठ कोरडे.

"मग इतके दिवस मी..." आत्या म्हणाली आणि दम लागून थांबली. "शिंगरासारखी न्हाणीघराच्या दाराशी उभी राहायचीस, ते यासाठी होय?"

"हो."

"आणि मला वाटायचं, पोरीला डॉक्टरकीचा माज आलाय."

ती हसायला गेली आणि बरगड्यांनी तिला अडवलं. डोळ्यांच्या कडेने पाणी कानात उतरलं. तिने पुसलं नाही.

"तुझ्या बापाला हे सांगू नको. त्याची झोप जाईल."

"त्यांनाही सांगणार आहे."

आत्याने तिच्याकडे नीट बघितलं, नवं कापड हातात आल्यावर बघायची तसं, उलटसुलट. मग तिने डॉक्टरिणीचं मनगट पकडलं. काजं करून करून राठ झालेली बोटं, त्यांत अजून चांगला जोर होता.

"बोलाव त्या डॉक्टरला. उद्या सकाळी म्हणत होता ना? आजच होतं का विचार."

डॉक्टरीण उठायला लागली.

"कुठे निघालीस?"

"बोलवायला."

"इथूनच हाक मार," आत्या म्हणाली. "मला एकटीला सोडून जाऊ नकोस."

डॉक्टरिणीने दाराकडे तोंड करून सिस्टरना हाक मारली. कोणी आलं नाही, म्हणून पुन्हा मारली. आत्याने मनगट सोडलं नाही.